बाळूच्या नावाची हाक

निवृत्तीनंतर मला मिळालेलं पहिलं पोस्टिंग तळेगाव दाभाड्याच्या एका कॉलेजात होतं. काम एका दिवसाचं. संस्थेने बास्केटबॉलच्या कोचला काढून टाकलं होतं. त्याच्यामुळे संघाचं भलं झालं की वाटोळं, यावर तिघांच्या समितीने मत द्यायचं होतं. संस्थेचे कार्याध्यक्ष, उपप्राचार्य बाई आणि मी. गेटवर माझ्या स्वागताचा फ्लेक्स होता. त्यावर कार्याध्यक्ष मोठे होते, मी लहान होतो आणि माझा हुद्दा कर्नल होता. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. इतकी बढती कुणाला एका फ्लेक्सवर मिळालेली मी पाहिली नव्हती.

काढलेला कोच म्हणजे हवालदार रशीद मुलाणी, टाकवे बुद्रुकचा. पलटणीत तो माझा उस्ताद होता. हे मी समितीत बसण्याआधीच सांगितलं. कार्याध्यक्ष म्हणाले, उलट बरं, समिती निःपक्षपाती वाटेल.

निर्णय फिरणार नाही, हे पहिल्या चहालाच कळलं. पण लोणावळ्याच्या एका शाळेला मुलाणी हवा होता आणि शाळेने कॉलेजचं मत मागवलं होतं. आम्ही लिहू ते तिकडे जाणार होतं. त्या वयात त्याला दुसरी नोकरी मिळणार नव्हती.

तक्रारी तीन होत्या. पहिली, पोरं त्याला घाबरतात. दुसरी, अंतिम सामन्यात त्याने सर्वांत जास्त बास्केट करणाऱ्या खेळाडूला बाहेर बसवलं आणि सामना हरला. तो खेळाडू कार्याध्यक्षांचा पुतण्या होता, हे बाईंनी चहात साखर ढवळत सांगितलं. तिसरी, संघात नसलेल्या एका खेळाडूला हा माणूस रोज हाक मारतो, तेव्हा त्याच्या डोक्याची तपासणी व्हावी. खेळाडूचं नाव बाळू.

मी पुढचं काही वाचलं नाही. काजूची बशी समोर होती, तिच्याकडे बघत बसलो.

फौजेत असताना एका हिवाळ्यात आमची कंपनी उत्तर काश्मीरमध्ये होती. पोस्ट उंचावर, बेस खाली. बेसवर दगड वेचून सपाट केलेलं एक मैदान होतं आणि त्यावर दोन बास्केट. मुलाणी पलटणीच्या संघाचा कोच. त्याचा एक नियम होता. खेळ ऐन रंगात असताना तो शिट्टी मारायचा. शिट्टी झाली की जिथे असाल तिथे थांबायचं आणि मागे न बघता आपल्या मागच्याचं नाव आणि जागा सांगायची. "शेलार, मागं, उजवीकडं." शेलार म्हणजे मी. एकाचं चुकलं तर सगळा संघ पळायचा. पलटणीच्या सीओ साहेबांनी एकदा विचारलं, याचा फायदा काय? मुलाणी म्हणाला, "साहेब, ज्याला मागचा ठाऊक न्हाई, त्यानं बॉल कुणाला द्यायचा?" साहेबांना ते पटलं. आम्हाला पळावं लागायचं, त्यामुळे आम्हाला पटायला वेळ लागला.

लान्स नाईक बाळू केदारी आमच्या मावळातलाच. खेळायला बरा, हाक मारायला वाईट. त्याचा आवाज इतका बारीक की मुलाणी म्हणायचा, याला नवरदेव करा, मुलगी बघायला गेल्यावर तरी बोलेल. बाळू हसायचा आणि पुन्हा तितक्याच बारीक आवाजात हाक मारायचा.

एका सकाळी आठ जणांचं गस्तीपथक वरच्या पोस्टवरून निघालं. मुलाणी पुढे, मी सातवा, बाळू शेवटचा. एक नाला पार करायचा होता. दोघांमध्ये अंतर ठेवून, न बोलता. मी निम्म्यात असताना वर आवाज झाला. फार मोठा नव्हता. जाड कापड फाटावं तसा.

त्यानंतर मला पाय नव्हते. बर्फाने मला उचललं, फिरवलं आणि थांबवलं. थांबलं तेव्हा ते सिमेंटसारखं झालं. एक हात तोंडासमोर आडवा आला होता, म्हणून श्वासापुरती जागा होती. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. थुंकी गालावरून कानाकडे गेली, तेव्हा कळलं की मी आडवा आहे.

भीतीबद्दल पुस्तकांत पुष्कळ वाचलंय. त्यात ती छातीत असते. माझी भीती दातांत होती. दात वाजत होते आणि थांबवता येत नव्हते.

मग शिट्टी ऐकली.

बर्फाखाली वरचा आवाज येतो. खालचा वर जात नाही. हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. वर एकामागून एक नावं येत होती. नाव, जागा. नाव, जागा. सहाव्याने माझं नाव घेतलं. "शेलार, मागं, नाल्याच्या मदी." आणि मग शांतता. कारण पुढची हाक माझी होती. वर आवाज झाला तेव्हा बाळू कुठे होता, हे मलाच माहीत होतं. मी ओरडलो, "बाळू, मागं, डावीकडं." ओरडत राहिलो. ते माझ्याच तोंडावर आदळत राहिलं.

त्यांनी माझ्या जागेवर खणलं, कारण तेवढीच जागा त्यांना ठाऊक होती. डोकं बाहेर आलं तेव्हा मुलाणी रेडिओवर होता. "एक मिळाला. एक बाकी. ओव्हर." मग त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बाळू कुटंय?"

माझा जबडा हलेना. मी हाताने दाखवलं. डावीकडे. त्यांनी तिथे खणलं आणि बाळू तिथेच होता. पण तोपर्यंत उशीर झाला होता.

उन्हाळ्यात पुन्हा प्रॅक्टिस सुरू झाली. मुलाणीने नियम बदलला. सगळ्यांची नावं झाली की पहिल्याने शेवटच्याच्या नावाची हाक मारायची. साखळी बंद करायची. आणि सगळं झाल्यावर मुलाणी स्वतः म्हणायचा, "बाळू." जागा सांगायचा नाही.

दुपारी समिती मैदानावर गेली. नवा कोच तरुण होता, हातात टॅब्लेट, अंगावर संस्थेच्या नावाचा टी-शर्ट. मुला-मुलींचा सराव एकत्र चालायचा. मुलींची कर्णधार टाकव्याकडचीच होती. मी तिला विचारलं, मुलाणी सरांची भीती वाटायची का?

"लय," ती म्हणाली.

कार्याध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"कशाची?"

"मागं कोण हाय ते सांगता न्हाई आलं तर."

सरांनी कधी कौतुक केलं का, विचारलं. नाही म्हणाली. दोन चांगले खेळाडू त्यांच्या ओरडण्याला कंटाळून सोडून गेले, हेही तिने सांगितलं. मी ते लिहून घेतलं, कारण ते खरं होतं.

तेवढ्यात नव्या कोचने पाणी प्यायला सोडण्यासाठी शिट्टी मारली. पोरं जागच्या जागी थांबली. नाव, जागा. नाव, जागा. मग स्वतःच्याच लक्षात येऊन ओशाळून हसली, तरी थांबली नाहीत. पहिल्याने शेवटच्याच्या नावाची हाक मारली. आणि कर्णधार सवयीने म्हणाली, "बाळू."

"बघितलंत?" कार्याध्यक्ष म्हणाले. "पोरांनाही लावलंय."

मला परत त्या बर्फात जायचं नव्हतं. घरी मी हे कधी सांगितलेलं नाही. पत्नीला वाटतं, मला एसीचा त्रास होतो. पण तिसरी तक्रार तशीच राहिली तर ती लोणावळ्याला जाणार होती. मी मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसलो आणि सांगितलं. वर लिहिलंय त्याहून कमी सांगितलं. दात वाजायला लागले तेव्हा बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. कार्याध्यक्षांचा फोन दोनदा वाजला, त्यांनी उचलला नाही. हा मला मिळालेला सर्वांत मोठा सन्मान. नंतर दिलेल्या शालीची गणती मी करत नाही.

मत असं लिहिलं: कोचने खेळाडू कमी आणि संघ जास्त घडवला. कौतुक करायला शिकावं. अंतिम सामना हरला, ती त्याची जबाबदारी. तो गेल्यावरही पोरं एकमेकांना विसरलेली नाहीत. तिसरी तक्रार बाईंनी स्वतः खोडली. कार्याध्यक्षांनी सही केली. पुतण्याची तक्रार ठेवली.

दुसऱ्या दिवशी टाकव्याला गेलो. मुलाणी अंगणात सायकलची चेन बसवत होता.

"ये, कर्नल," तो म्हणाला. फ्लेक्सची बातमी पोचली होती.

मी मत सांगितलं. कौतुकाचं ऐकून तो म्हणाला, तेवढं जमणार न्हाई. लोणावळ्याचं काय व्हईल ते व्हईल. आणि पुन्हा चेनकडे वळला.

"पोरं अजून बाळूच्या नावाची हाक मारत्यात?"

"व्हय, उस्ताद."

"जागा सांगत्यात?"

"त्यांना कुठे माहिती आहे?"

"मलाबी नव्हती," तो म्हणाला. "तुला व्हती."

त्याने चेन चढवली, पॅडल हाताने फिरवलं आणि माझ्याकडे न बघता वाट बघत राहिला. अंगणात ऊन होतं. माझा जबडा या वेळी हलला.

"बाळू," मी म्हणालो. "मागं, डावीकडं."