पालखीतला कोश

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आर्णीच्या कॉलेजात मराठीच्या मॅडमनी प्रत्येकाला सेमिनारसाठी एकेक शब्द दिला. मला आला ‘ग्रंथ’. त्याचा अर्थ आणि मूळ सांगायचं होतं. आधीच्या सेमिनारला मी मोबाईलवरून वाचलं होतं, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, “पुन्हा असं केलंस तर शून्य. कोश पाहिल्याशिवाय उभी राहू नकोस.” अंतर्गत गुणांत नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि आमच्या तांड्यातून कॉलेजला आलेली मी पहिलीच मुलगी होते. माझं वर्ष गेलं तर माझ्यामागच्या मुलींचं काय होईल, हे मला नीट ठाऊक होतं.

शब्दांची मुळं सांगणारा जाडजूड कोश लायब्ररीत काचेच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं.

“तो ग्रंथ हाय पोरी, पुस्तक नाही,” ग्रंथपाल सर म्हणाले. “ग्रंथ देत नसतात.”

“इथंच बसून पाहते सर.”

“हात लागते त्याले.”

“मंग कोनाले देता सर?”

“कोनालेच नाही. म्हणून तर इतका नवा हाय.”

विद्येची इतकी काळजी घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सेमिनारच्या आदल्या दिवशी कॉलेजची ग्रंथदिंडी निघाली. पालखीत मधोमध तोच कोश होता. त्यावर हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि वरून नायलॉनच्या दोरीचे तीन वेढे. मागच्या वर्षी बसस्टँडसमोर पालखीतला एक ग्रंथ खाली पडला होता, म्हणून ही खबरदारी. ज्या कोशाला मला हात लावू दिला नव्हता, तो मला नऊवारी नेसवून पालखीसकट माझ्याच खांद्यावर दिला. वजन चांगलंच होतं. ज्ञानाचा भार म्हणतात तो हा असावा.

चौकात पालखी स्टुलावर टेकवली आणि पाहुण्यांनी वाचनाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. ते काही लवकर आटोपणार नव्हते. मी दोरीला हात घातला. आमचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरायचे. गाठ बांधणं-सोडणं आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

पानं एकमेकांना चिकटलेली होती. सापडला शब्द. मूळ धातूचा अर्थ बांधणं, गुंफणं. ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवायचा, वर-खाली लाकडी फळ्या लावायच्या आणि आवळून बांधायचं; असं बांधलेलं ते ग्रंथ. पुढे मोठी बातमी होती: बत्तीस अक्षरांच्या मापालाही ग्रंथच म्हणत, त्यावर लेखकू, म्हणजे पोथ्या उतरवून देणारे, मजुरी घेत. म्हणजे पूर्वी निदान ती अक्षरं कुणीतरी मोजत तरी होतं.

“काय करून राह्यली तू?” सर कानाशी आले.

“शब्द पाहून राह्यली सर.”

“पालखीत?”

“कपाटात जमलं नाही.”

सरांनी कोश मिटायला हात पुढे केला, तेवढ्यात पेपरचा फोटोग्राफर म्हणाला, “ताई, तशाच वाचत राहा. सर, तुम्हीबी वाका थोडे. दाखवून राह्यले असं करा.”

सर वाकले. मंद हसत त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. फोटोग्राफरला उजेड पटेना, पाहुणे थांबेनात. तेवढ्या वेळात मी शेजारच्या मुलीकडून घोषणेची पाटी आणि पेन घेऊन पाटीच्या मागे अख्खी नोंद उतरवून घेतली. या तिघांचे उपकार मी आजही मानते.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊनच वर्गात उभी राहिले. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं.

“पान क्रमांक?”

“राहिला, मॅडम. पालखी उचलली.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. पाटी हातात घेऊन त्यांनी माझं घाईचं अक्षर वाचलं, एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मग विचारलं, “अशी बघायला लागली तुला ही नोंद?”

मी होकारार्थी मान डोलावली. त्यांनी वहीत वीसपैकी सोळा लिहिले. पान क्रमांकाचे चार कापले, आणि ते बरोबरच होतं.

मी पास झाले. पुढच्या जूनमध्ये तांड्यातून आणखी दोघींनी नाव घातलं.