आमच्या तव्यावर भाजलेले खडे

उधन्याच्या एका गोदामात मी साड्यांच्या घड्या घालून प्लास्टिकमध्ये भरायचे. माल बोटीने आखातात जायचा. वाटेत दमट हवेने कापडाला बुरशी धरू नये म्हणून प्रत्येक खोक्यात निळ्या खड्यांची पुडी टाकायची. हे खडे हवेतलं पाणी पितात. पिऊन पोट भरलं की गुलाबी पडतात, मग त्यांचा उपयोग नाही. तापवले की पाणी सोडून परत निळे होतात.

नव्या पुड्या विकत घ्यायचं गुजराती मॅनेजरच्या जिवावर आलं. मशीनच्या सामानातून आलेल्या, परत आलेल्या मालातल्या जुन्या पुड्या त्याने पोत्यात भरून ठेवल्या आणि आम्हा बायकांना एकेक पोतं वाटलं. म्हणाला, "घरी न्या, तव्यावर भाजा, सकाळी आणा. पापड भाजता ना, तसंच."

मी म्हटलं, "इथंच भाजू की."

"मासी, गोदाममां स्टव पेटवाय? कपडुं छे. आग लागी जाय."

गोदामात आग लागेल म्हणून बिडीसुद्धा बंद होती. आमच्या खोलीत दोरीवर नायलॉनच्या साड्या वाळत, स्टव्हच्या डोक्यावर. तिथं लागली तर चालेल. रॉकेल आमचं, रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेलं. भाजण्याचा मोबदला काही नाही. वर म्हणे, घरचंच काम समजा.

सून गरोदर होती, दिवस भरत आलेले. खोलीला खिडकी नाही. पुड्या उसवून खडे तव्यात ओतायचे, हलवत राहायचं, रंग फिरला की गार करून परत भरायचे आणि शिवायचं. त्याची बारीक भुकटी उडायची. मी कामावरून येऊन भाजत होते. माझी दमछाक बघून सुनेने दुपारी भाजायला घेतलं. मी नको म्हटलं तरी ऐकेना. तिला खोकला लागला. खोकताना पोट दोन्ही हातांनी धरून बसायची. मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "काम जाईल तुझं. थोडे दिवस काढ." पोट त्याला धरायचं नव्हतं.

एक दिवस घरी आले तर दारातच जळका वास. सून भिंतीला टेकून खोकत होती. उसवायला बसवेना म्हणून तिने पुड्या तशाच्या तशा तव्यावर टाकल्या होत्या. वरून कागद दिसतो, आतून प्लास्टिक. ते वितळून तव्याला चिकटलं, धूर खोलीभर.

"आत्याबाई, तवा वाया गया," म्हणाली आणि रडायला लागली. तिला वाटलं मी मारीन. तवा माझ्या आईचा होता, ज्वारीच्या भाकरीने काळा गुळगुळीत झालेला. मी तिला दारात हवेला बसवलं, पाणी दिलं आणि शेजारणीच्या तव्यावर भाकरी टाकल्या. रागाने माझे हात थापता थापता थांबत होते.

सकाळी तवा आणि पोतं घेऊन गेले. मॅनेजर टेबलावर चहा पीत होता. कपाशेजारी तवा आपटला.

"मासी, आ शुं लाव्या?"

"तुमच्या पुड्या. भाजल्यात का बघा."

"अरे, पुडी खाली करीने नुसते खडे भाजायचे होते! अक्कल नथी?"

"अक्कल असती तर पहिल्या दिवशीच पोतं तुमच्या घरी पाठवलं असतं. बाईसाहेबांच्या रोटलीच्या तव्यावर."

"मारी घरवाळी शुं काम भाजे?"

"मग माझ्या सुनेने काय म्हणून?"

मागून एक बाई म्हणाली, "मावशी, तवा इथं ठेवला, तर भाकर कशावर टाकशील?"

"आज पंगत मॅनेजरच्या घरी," दुसरी म्हणाली. बायका हसल्या. त्याचं तोंड लाल झालं.

"काम नको असेल तर सांगा."

"काम पाहिजे. इथलं. हे पोतं माझ्या खोलीत परत येणार नाही."

मला वाटलं, आता सगळ्या आपापली पोती आणून टाकतील. दोघींनी टाकली. बाकीच्या खाली बघून घड्या घालत राहिल्या. त्यांची भीती मला कळते, पण रागही येतो, आजही येतो. जिने पंगतीची थट्टा केली होती, तिनेच आमच्या वाट्याच्या पुड्या भेस्तानला आपल्या घरी नेल्या.

मॅनेजरने मला घड्यांच्या टेबलावरून काढून खोकी बांधायला लावलं. वाकून वाकून कंबर गेली ती गेलीच. मी तक्रार केली नाही, त्याला ते सुख द्यायचं नव्हतं.

सून त्याच खोलीत बाळंत झाली. मुलगी झाली. खोकला जायला पुढे बरेच दिवस लागले. तवा मी विटेने घासला, तेल जाळून पाहिलं, पण भाकरी मधोमध चिकटायचीच. शेवटी भंगारवाल्याला दिला. नवा आणला, तोही माझ्याच पैशाने.