देवीची पाठ

तंजावूरच्या चित्रांतले देव बघणाऱ्याकडे पाठ फिरवत नाहीत. माझे काका आयुष्यभर तेच देव काढत आले. केबल टीव्ही घरोघरी येत होता त्या सुमारास मद्रासच्या एका बॅले मंडळीनं मीनाक्षीच्या कथेवरच्या नाचासाठी त्यांच्याकडून पोशाखांची चित्रं मागवली. काकांनी सगळी पात्रं समोरूनच काढली. वर सवयीनं दागिन्यांना सोन्याचा वर्खही लावला. कागद शिंप्याकडे जाणार आहे, देवघरात नव्हे, असं मी चिडवलं, तर हसून म्हणाले, शिंपी आपलाच आहे.

शिंपी म्हणजे आमच्या गल्लीतले तमिळ मामा. रोज संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर काकांबरोबर कॉफी प्यायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, नाचणारी गिरकी घेणार, मग मागचं काय? मी काकांना विचारलं. देवीची पाठ काढत नसतात, एवढंच ते बोलले.

मी तेव्हा बँकेत नवी होते. जेवणाच्या सुट्टीत पाठीची चित्रं मीच काढली: वेणीवरचं जडावाचं काम, खांद्यावरून उतरणारा शेला. चित्रकला काकांनीच शिकवली होती. मामांना सांगितलं, काकांनी पाठवलीत.

प्रयोगात मीनाक्षी वळली आणि टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या काकांनी मात्र टाळी वाजवली नाही. घरी येताना विचारलं, "ती पाठ कोणाची?"

"मामांनीच केली असेल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काका मामांशी बोलेनात. मामा काही दिवस येऊन बसले, कॉफी गार झाली की उठायचे. पेपरात चित्रकार म्हणून त्यांचं नाव आलं, आता आमच्याशी कशाला बोलतील, असं ते माझ्या आईला म्हणाले. मग यायचे थांबले. दोघांची घरं समोरासमोर होती. रस्त्यात समोर आले की दोघंही खाली बघत. मी सगळं बघत होते आणि गप्प होते. सांगितलं तर काका मला काय म्हणतील, याची भीती होती. पुढे पुढे तर इतकी वर्षं का गप्प बसलीस, या प्रश्नाचीच जास्त वाटू लागली.

गेल्या वर्षी काकांचा हात थरथरू लागला. ब्रश धरवेना. त्यांचे रंग आवरताना माझ्या तोंडून सगळं निघालं.

काका म्हणाले, "तुझ्यावर चिडलो असतो तर दोन दिवस चिडलो असतो गं."

ते उठले. मी चपला घालू लागले तर "तू थांब" म्हणाले, आणि भिंतीला हात लावत एकटेच समोरच्या दारात गेले.

तिथे काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. अंधार पडल्यावर काका परतले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याचं कधीचं तुटलेलं बटण लागलेलं होतं.