पाच मिनिटं पुढचं घड्याळ
जावयाने भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलंय. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या आमच्या कारखान्यातही कंट्रोल रूमचं घड्याळ असंच होतं. कामगार वेळेवर यावेत म्हणून साहेबांनीच पुढे करवलेलं. खाडीकाठच्या, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या पंपघरातला ऑपरेटर मात्र आपलं घड्याळ रोज रेडिओच्या वेळेवर लावायचा. एकदा कंट्रोल रूममधून त्याला फोन गेला, “पंप बंद कर!” त्याने तो लगेच बंद केला. दोन्हीकडच्या नोंदवह्या बघून साहेब कडाडले, “हुकमाच्या पाच मिनिटं आधी? कोणाला विचारून?” “सायेब, फोन ठेवला नि लगेच बटन दाबलं!” घड्याळांची देखभाल माझ्याकडे होती. मी म्हटलं, “साहेब, तुमचं घड्याळ पुढे आहे.” “तुम्ही गप्प बसा!” ऑपरेटरला मेमो मिळाला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला सगळी घड्याळं जुळवायला लावली, तीही पंपघरातल्या घड्याळाशी! मेमो मात्र मागे घेतला नाही. जावई रागावला तर रागावू दे, मी स्टुलावर चढतोय.