नलूआत्याचे सुविचार

जास्वंदीच्या एका फुलावर पांढरी ओढणी ताणून मी अंगणात उभी आहे, टाचा उंचावलेल्या, हात भरून आलेले... आणि ओढणीच्या सावलीत उकिडवी बसलेली नलूआत्या श्वास रोखून मोबाईलवर बोट टेकवते आहे. नुकत्याच घातलेल्या सड्याचा ओलसर वास, पाणी तापवायच्या चुलीचा धूर, पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या कापसाचा तो कोमट गंध — दर्यापूरची माझ्या बालपणीची सकाळ आठवली की हे सगळं एकदमच येतं. फुलावर थेट ऊन पडलं तर फोटोवर लिहिलेली अक्षरं वाचता येत नाहीत, असं आत्याचं म्हणणं. म्हणून ती ओढणी, आणि म्हणून मी.

नलूआत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात ती माहेरी परत आली होती आणि त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. मी सहावीत असताना एका चुलतभावानं आपला जुना मोबाईल तिला दिला, आणि तिच्या आयुष्यात एक खिडकीच उघडली. फुलाचं, दवानं भिजलेल्या कोळ्याच्या जाळ्याचं, उमललेल्या कापसाच्या बोंडाचं चित्र मोबाईलवर टिपायचं, त्यावर स्वतः जुळवलेली ओळ टाकायची आणि उजाडता उजाडता नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायची. ‘आजचा दिवस तुझी वाट पाहत होता.’ ‘थकलास तर बस, पण पाठ फिरवू नकोस.’ एरवी ‘मले-तुले’ बोलणारी आत्या चित्रावर मात्र शुद्ध पुस्तकी मराठी लिही. मी एकदा विचारलं, “आत्या, असं काहून लिहितं वं?”

“फोटो काढाचा असला का चांगलं लुगडं नेसतो का नाई आपुन? तसंच हाये हे,” ती म्हणाली आणि अक्षरांचा पिवळा रंग बदलून पांढरा केला.

पहिल्यापहिल्यांदा ग्रुपवर जोडलेले हात यायचे, फुलं यायची. मग ती कमी झाली... मग नुसती शांतता. बाबा चहा पिता पिता कुरकुरत, “ताई, मोबाईल भरून राह्यला तुह्या फोटोनं!” आत्या हसून म्हणे, “भरू दे. रिकामा ठेवून का करतं?”

त्या उन्हाळ्यात वलगावला चुलतबहिणीचं लग्न होतं. हळदीच्या सकाळी आम्ही मांडवात शिरलो. ओल्या हळदीचा, आंब्याच्या पानांचा, तापलेल्या ताडपत्रीचा वास... आणि समोर सगळ्या बायका पिवळ्या साड्यांत. आई पिवळ्या साडीत, काकू पिवळ्या साडीत, माझाही फ्रॉक पिवळा — आईनं तोच का घातला, हे विचारायचं मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या झळाळीच्या मधोमध आत्या तिची ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून उभी होती.

“पिवळं नेसाचं, हे कोनं सांगतलं?” तिनं हसतच विचारलं.

“ग्रुपवर टाकलं होतं ना, आत्या...” एक ताई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आईनं मान खाली घातली. आत्याच्या मोबाईलवर तर तसं काहीच आलं नव्हतं. दुसरा एक ग्रुप होता — सगळ्यांचा, तिला सोडून.

 आत्यानं हळदीची वाटी उचलली, नवरीच्या गालाला हळद लावली, गाण्यात सूरही मिसळला. तिचा आवाज कधी नव्हे इतका चढा लागला होता, एवढंच.

परतताना भाड्याच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मी तिच्या मांडीवर बसले होते. तिनं जुना ग्रुप उघडला आणि बोटानं वर वर सरकवत राहिली. कित्येक महिने तिथे तिच्याशिवाय कुणीही नव्हतं. चित्राखाली चित्र, ओळीखाली ओळ... बाहेर उन्हानं भेगाळलेली काळी शेतं मागे पळत होती. ती म्हणाली, “पाह्य, किती फुलं आली होती यंदा आपल्या घरी.”

आईनं भांडून बाबांना त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये तिचं नाव घालायला लावलं. संध्याकाळच्या आत तिथे एक बारीक, राखाडी ओळ उमटली — नलूआत्या बाहेर पडली होती. बाबा ओशाळून तिच्यासमोर जाऊन बसले. “चालू द्या तुमचं मोकळं बोलणं,” ती शांतपणे म्हणाली. “मी असली का तुमाले गप बसा लागते.”

चित्रं तिनं सोडली नाहीत. ती मला येऊ लागली, एकटीला. मी अमरावतीला वसतिगृहात गेले तेव्हा, परीक्षांच्या सकाळी, तापात पडले तेव्हाही. मी कधी त्याला उत्तर लिहायची, कधी नुसती बघत बसायची. त्या अनोळखी शहरात असताना तिकडे घरी कुणीतरी आपल्या आधी जागं झालं आहे, एवढं मला पुरे होई. गेल्या वर्षी श्रावणात ती अंथरुणाला खिळली, आणि दिवाळीच्या आधीच गेली. शेवटच्या चित्रावरची ओळ अर्धीच राहिली आहे.

आता मी अकोल्यात नोकरी करते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते. आई भावाच्या बाळासाठी पुण्याला गेली आहे. बाबा दर्यापूरच्या घरात एकटे. परवा सकाळी मोबाईल वाजला. बाबांनी चित्र पाठवलं होतं — ओट्यावर ठेवलेला एक कप चहा, किंचित तिरका, कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याची सावली. वर एकही अक्षर नाही.

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. “भेटला का वं फोटो?”

“भेटला, बाबा.”

पलीकडे बाबांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“ताई रोज काय लिहे, कसं लिहे... मले तं काहीच सुचलं नाई.”

“राहू द्या बाबा,” मी म्हणाले. “समजलं मले.”