अण्णांचे हात, ॲपची ढोलकी

मंडळी, सकाळी टाकलेल्या गाण्याला तुमी लई दाद दिली. पण एक गोष्ट लपवली मी.

गिटार, पेटी मीच वाजवली. ढोलकीवर वडिलांना, अण्णांना बसवलं. त्यांचा हात भजनातला, रंग चढला की लय वाढणारच. माझ्या गिटारीशी काही जुळंना. मग व्हिडिओत हात अण्णांचेच ठेवले आणि आवाज ॲपमधल्या ढोलकीचा लावला. त्यांना सांगितलं न्हाई.

दुपारी अण्णा माजलगावच्या बाजारात सगळ्यांना व्हिडिओ दाखवून आले. म्हणाले, "माझा हात इतका गोड हाय, हे आजच कळलं बघ."

आता खरं सांगू का गप बसू, तुमीच सांगा.

आत्ता ते ओसरीवर व्हिडिओ लावून त्याच्यासंगं ढोलकी वाजवायलेत. लय जराबी वाढू देईनात.