दह्याबरोबरची गोळी

दहीभाऊला आपलं खरं नाव सांगायची वेळ आलीच, तर फक्त सरकारी कचेरीत. बाकी अख्ख्या गल्लीला तो दहीभाऊ. दूध तापवायचं, निववायचं, करंगळी बुडवायची. चटका न बसता नुसती ऊब लागली की विरजण घालून कपाटाचं दार लावायचं. तीस वर्षं हेच. कुणीतरी हौसेने थर्मामीटर आणून दिला होता, तो दुकानात खिळ्याला लटकला तो लटकलाच.

दह्याबरोबर भाऊचं व्याख्यान फुकट. "दही म्हणजे नुसतं पोटभरीचं नाही हो. जिवंत असतं ते. पोटातल्या चांगल्या जंतूंना बळ देतं, हाडं राखतं. रक्तदाबालासुद्धा बरं म्हणतात." गल्ल्यामागे कुठल्याशा मासिकातलं कात्रण चिकटवलेलं होतं. त्या लेखात 'कदाचित' तीनदा छापलेलं, पण भाऊच्या तोंडी ते एकदाही यायचं नाही. लोक आपले मान डोलवायचे. कुणाला वाद घालायला वेळ आहे?

घरात तो आणि थोरली बहीण, दोघंच. आई गेली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा होता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घालून मोठं केलं. शाळेत शिवण शिकवून ती निवृत्त झाली, आणि आता सत्तरीत तिला हुडहुडी भरून ताप आला. शेजारीण तिला दवाखान्यात घेऊन गेली, कारण भाऊचं दूध नेमकं तेव्हाच शेगडीवर होतं. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालाय, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या लिहून दिल्या.

या गोळ्या पोट बिघडवतात, हे भाऊला ठाऊक होतं आणि त्यावर दही चांगलं, हेही. ते खोटंही नव्हतं. त्याने सायीचं घट्ट दही वाटीत काढलं, गोळी ताईच्या तळहातावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला. "दह्याबरोबर घे. आतड्यांना काही होणार नाही." ताईने वाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. तिसऱ्या दिवशीही. भाऊ दर तासाला दुकान टाकून आत यायचा आणि तिच्या कपाळाला हात लावायचा. दुधाची ऊब अचूक ओळखणारा हात, त्याला कोण फसवणार? ताप उतरत नव्हता. गिऱ्हाइकाने अर्धा किलो मागितलं की तो पाव किलो द्यायचा. त्या धास्तीत त्याला सुचलं काय, तर दही वाढवायचं. एका वाटीच्या दोन झाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ताईने त्याला वडील समजून "बाबा" म्हणून हाक मारली. दुकानाचं दार ओढायचंही भान न राहता भाऊ तिला घेऊन दवाखान्यात धावला.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. "गोळ्या चुकवल्या का?"

"एकही नाही."

"कशाबरोबर देता?"

"दह्याबरोबर. माझ्या हातच्या," भाऊ म्हणाला. एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही 'माझ्या हातच्या' म्हणताना त्याची मान जरा ताठ झाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दह्यातलं कॅल्शियम ही गोळी अडवून धरतं. रक्तात पुरेसं औषध पोचलंच नाही. दही वाईट नाही हो, पोटाला चांगलंच. पण दोन गोळ्यांच्या मधोमध, दुपारी द्यायचं. आता दाखल करूया. औषध शिरेतून देऊ."

पुढचे दोन दिवस भाऊ वॉर्डाबाहेरच्या बाकावर होता. मीच मारतोय तिला, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. शेजारणीने आणलेला डबा तसाच परत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई शुद्धीवर येऊन म्हणाली, "दाढी कर जरा, भूत दिसतोयस." भाऊ तिथेच ढसाढसा रडला.

रडून झाल्यावर त्याला रागही आला. दोष एकट्याने किती उचलायचा? "बाईंनी तुला आधी सांगायला नको होतं का?"

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मग वाटी परत का नाही केलीस?"

"तू समोर उभा असायचास ना," ताई दमून म्हणाली. "मी चमचा तोंडात घातला की तुझा चेहरा कसा खुलायचा. म्हटलं, दोन दिवस उशिरा बरी होईन. इतकं वाढेल असं नव्हतं वाटलं."

दुकानात माना डोलावणारे सगळे चेहरे एकेक करून भाऊच्या डोळ्यांसमोर यायला लागले. कुणीकुणी आपलं मन राखायला काय काय गिळलं असेल?

तेवढ्यात नर्सने गोळी आणून दिली. आजपासून पुन्हा गोळ्याच, म्हणाली. भाऊने पाण्याचा पेला भरून ताईच्या हातात दिला, आणि ती गोळी गिळेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.